क्रॅक टाकून बघितलं आणि आवडल्यावर विकत घेतलं, तर त्यात चूक काय?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ एडिटिंगची कामं घ्यायला सुरुवात करताय, सॉफ्टवेअर महाग पडतं, म्हणून सध्या क्रॅक (लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरटी प्रत) टाकणार आणि ‘आवडलं तर नक्की विकत घेणार’. हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, म्हणून लिहितोय.

२००९ साली मी आणि माझ्या एका वर्गमित्रानं मिळून कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर केलं होतं. सभासदाचा नंबर टाकला की काट्यावरून लिटर यायचं, फॅट मशीनवरून फॅट यायची, दरपत्रकातला दर लागायचा आणि पावती निघायची. दर दहा दिवसांनी बिल. किंमत ६,५०० रुपये. पहिला महिना फुकट द्यायचो, कारण महिन्यात तीन बिलं निघतात आणि तीन बिलं बिनचूक निघाली की सचिवाचा विश्वास बसतो.

एका संस्थेनं ऑक्टोबरमध्ये असं ट्रायल घेतलं. नोव्हेंबरात फोन केला तर सचिव म्हणाले, “कॉम्प्युटर बंद पडलाय, परत वहीवर आलोय.” मी विषय सोडून दिला. एप्रिलमध्ये त्यांचाच फोन आला, “साहेब, जरा येऊन जावा. वर्षाची बेरीज लागंना झालीया.”

गेलो तर डेस्कटॉपवर आमच्याच सॉफ्टवेअरचे सहा फोल्डर. दर महिन्याच्या एक तारखेला सचिवांचा भाचा यायचा, कॉम्प्युटरची तारीख मागं नेऊन १ ऑक्टोबर करायचा आणि पेनड्राइव्हवरची कोरी प्रत नव्या फोल्डरात टाकायचा. ट्रायल परत पहिल्या दिवसापासून सुरू. बिलांचे गठ्ठे तारेला ओवून ठेवले होते. फेब्रुवारीचं बिल काढलं, तर छापलेला ऑक्टोबर निळ्या पेनानं खोडून वर हातानं फेब्रुवारी लिहिलेला. १४० सभासद, महिन्याला तीन बिलं, आणि नोव्हेंबरपासूनच्या प्रत्येक कागदावर ती निळी रेघ.

कोऱ्या प्रतीत दर महिन्याला सभासदांची नावं नव्यानं भरावी लागायची. त्यात नंबर इकडचे तिकडे झाले. ८७ नंबर डिसेंबरात एका विधवा बाईंचा होता, जानेवारीत दुसऱ्याच घराचा. मार्चअखेरच्या एकूण लिटरवर दिवाळीचा फरक, म्हणजे सभासदाला मिळणारा जादा दर, बसतो. त्या बाईंचं दूध कुणाच्या नावावर गेलंय हे सांगायला कुणीच नव्हतं.

चेअरमन आले. मी विचारलं, “सॉफ्टवेअर आवडलं नव्हतं का?” ते म्हणाले, “आवडलं म्हणून तर सहा महिने वापरलं की!”

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, मनापासून सांगत होते. तुमच्या प्रश्नावर माझं म्हणणं इथंच आहे. आवडण्याचा आणि पैसे देण्याचा काही संबंध नसतो. फुकट चालू आहे आणि काम होतंय, मग विकत घ्यायचं ते आजच कशाला? असा आज रोजच असतो.

मी चेअरमनना विचारलं, “फॅट बघायला सभासदाचं दूध किती काढता? सॅम्पल म्हणून अख्खी किटली ओतून घेतली तर चालेल त्यांना?” सॅम्पलच्या दुधावरून गावात आधीच कुरबुरी होत्या. ते गप्प झाले.

दोन रात्री तिथंच बसलो. सहा फोल्डरमधला डेटा त्या गठ्ठ्यांशी ताडून एकेक सभासद जुळवला, त्या बाईंचं लिटर त्यांच्या नावावर आणलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, कारण दूध घालणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. मेमध्ये संस्थेनं सभेत ठराव करून ६,५०० चा चेक दिला.

माझा भागीदार, म्हणजे तोच वर्गमित्र, आजही भेटला की म्हणतो, “बघ, शेवटी घेतलंच की त्यांनी. फुकट वापरलं म्हणून तुझं गेलं काय? तुझी प्रत तुझ्याकडंच होती.” घेतलं ते अडकल्यावर. आणि माझं काय गेलं तेही सांगतो. दूध संघानं दर बदलले की नवीन दरपत्रक बसवायचं, नवीन फॅट मशीन आलं की ते जोडून द्यायचं, ही वर्षभराची कामं त्या ६,५०० मध्ये धरलेली होती. त्या सहा महिन्यांत दर बदलले तेव्हा यांनी माझी दुरुस्त प्रत शेजारच्या संस्थेकडून आणली. त्या शेजारच्यांनी पैसे भरले होते, म्हणजे यांचा खर्चही त्यांनीच सोसला.

भागीदाराचा एक मुद्दा मात्र खरा आहे: “तू तरी व्हिज्युअल बेसिक कुठं विकत घेतलंवतंस?” आमचं सॉफ्टवेअर ज्यात लिहिलं ते मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक मी नव्हतं घेतलं. क्लासमधली सीडी कॉपी केली होती. शिकत होतो तोवर मनाला लागलं नाही, पण त्यावर केलेला माल विकला त्या दिवशी माझ्यात आणि चेअरमनमध्ये फरक उरला नव्हता. त्याचीच एक्सप्रेस आवृत्ती २००६ पासून फुकट होती, तिच्यात केलेलं विकायलाही मुभा होती. त्या एप्रिलनंतर चार महिने घालवून सगळं तिच्यात परत लिहिलं. हे मी आधीच करायला हवं होतं.

आता तुमचं. बघायचं असेल तर बनवणाऱ्यानं जेवढं उघडं ठेवलंय तेवढ्यात बघा. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरच्या फुकट एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच नोंद करता येते. शिकायला तेवढं पुरतं, दुकान त्यावर चालत नाही. व्हिडिओसाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आहे, सुरुवातीची कामं त्यात आरामात होतात. क्रॅकवाले अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, ते तर अजिबात करू नका. गिऱ्हाइकाचं फुटेज त्याच मशीनवर असतं. आणि कायदा विचाराल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब आहे: सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडायची मुभा कोर्टाला आहे. म्हणजे कमाईसाठी वापरणं वेगळं, हे कायदाही मानतो.

खेड्यातल्या एखाद्या पोरानं शिकण्यापुरती कॉपी वापरली तर त्याला मी चोर म्हणणार नाही, तेवढा अधिकार मला नाही. डॉलरच्या हिशेबानं लावलेलं मासिक भाडं इथल्या कमाईला झेपत नाही हेही कबूल. पण तुम्ही कामं घ्यायला लागलात असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्या कामाचे पैसे किती ठरलेत आणि मशीन कुठलं आहे ते खाली लिहा, त्यात काय बसेल ते सांगतो.