नफा वाढला, तरी भाव का उतरला?

प्रश्न : माझ्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत, तिचा वार्षिक नफा २० टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी भाव जवळजवळ ९ टक्क्यांनी उतरला. त्याच आठवड्यात तोटा जाहीर करणाऱ्या एका कंपनीचा शेअर मात्र वधारला. भाव नफ्यावर ठरत असेल, तर असे कसे होते?

उत्तर : भाव नफ्यावरच ठरतो, फक्त तो नफा पुढच्या अनेक वर्षांचा आणि अंदाजाने धरलेला असतो. निकालाच्या दिवशी भाव हलतो तो या अंदाजात पडलेल्या फरकापुरता.

तुमच्या शेअरचेच गणित मांडून पाहू. समजा, प्रति समभाग नफा १० रुपये आणि भाव २५० रुपये होता, म्हणजे बाजार नफ्याच्या २५ पट मोजत होता. समजा, ही पट देताना बाजाराने नफा यंदा ३० टक्क्यांनी वाढेल आणि पुढेही वेगाने वाढत राहील, असे धरले होते. प्रत्यक्षात नफा १३ ऐवजी १२ झाला. एका रुपयाची ही तूट किरकोळ दिसते, पण तिच्यामुळे पुढच्या प्रत्येक वर्षाची वाढही कमी धरावी लागते आणि खरा फटका तिथे बसतो. पट २५ वरून १९ वर आली, की भाव १२ गुणिले १९, म्हणजे २२८ होतो. नफा २० टक्क्यांनी वाढूनही भाव सुमारे ९ टक्क्यांनी खाली. तोट्यातल्या कंपनीचा तोटा बहुधा भीती होती त्यापेक्षा कमी निघाला असावा.

लेखाशास्त्राचे अभ्यासक रे बॉल आणि फिलिप ब्राऊन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की वार्षिक नफ्याच्या आकड्यातील बहुतांश माहिती तो जाहीर होण्यापूर्वीच्या महिन्यांतच भावात उतरलेली असते. चांगल्या निकालानंतर भाव काही काळ त्याच दिशेने सरकत राहतो, हेही त्यांना आढळले. बाजार सगळे एका क्षणात पचवतो, असे मानणाऱ्यांना ही गोष्ट अजूनही थोडी अडचणीचीच वाटते.

संपूर्ण बाजाराच्या बाबतीत हा संबंध आणखी सैल होतो, कारण तिथे व्याजदरांचाही जोर असतो. अमेरिकी बाजाराने मार्च २००९ मध्ये तळ गाठला, तेव्हा कंपन्यांचे नफे अगदी क्षीण होते आणि बेकारी वाढतच होती. तरीही भाव तिथूनच वर निघाले.

तुमच्या कंपनीबाबत एक शक्यता मात्र निकालपत्रातूनच तपासता येईल. त्या २० टक्क्यांतली किती वाढ नेहमीच्या व्यवसायातून आली आणि किती जमीन किंवा गुंतवणूक विकून आली, ते पाहा. एकदाच मिळालेल्या अशा रकमेला बाजार पट लावत नाही. ती जेवढी असेल तेवढीच भावात धरली जाते. शिवाय विक्री वाढलेली असूनही व्यवसायातून आलेली रोकड घटली असेल आणि ग्राहकांकडची येणी फुगली असतील, तर भाव उतरण्याचे कारण अपेक्षाभंगापेक्षा या येण्यांत असण्याचा संभव अधिक.