पहिलीच परदेशातली कॉन्फरन्स आणि पोटात गोळा

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोल्हापूर जिल्ह्यातली, पुण्यात पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. सह्याद्रीत एवढा पाऊस पडूनही गावाचे झरे उन्हाळ्यात का आटतात, यावर काम करते. एप्रिलमध्ये व्हिएन्नाला युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या जनरल असेंब्लीत, म्हणजे भूविज्ञानाच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये, माझं पोस्टर आहे, म्हणजे काम एका मोठ्या शीटवर मांडून बोर्डला लावायचं आणि शेजारी उभं राहून येणाऱ्यांना समजावायचं. व्हिसा आला, तिकीट झालं, पण आता झोप लागत नाही. विमानात कधी बसले नाही, शाळा मराठी मीडियमची, इंग्लिश बोलताना अडखळते. सर म्हणतात जमतील तेवढे टॉक्स ऐक, पण प्रोग्राम उघडला की गरगरतं. काय करू?

उत्तर: अगं आधी अभिनंदन! तुझं पत्र वाचून मला माझी पहिली वेळ आठवली. मीही तेच केलं होतं, सकाळी साडेआठपासून संध्याकाळपर्यंत या हॉलमधून त्या हॉलमध्ये पळत होते, तिसऱ्या दिवशी डोकं इतकं बधिर झालं की माझ्याच पोस्टरसमोर एक बाई येऊन थांबल्या, ज्यांचे पेपर्स मी अक्षरशः पाठ केले होते, आणि मी बोलायचं सोडून मोबाइलमध्ये बघत राहिले. दोन मिनिटं वाचून त्या गेल्या. ते मला अजून लागतं, म्हणून तुला सरांपेक्षा वेगळं सांगते: टॉक्स दिवसाला चार-पाचच ऐक आणि सगळी ताकद पोस्टरच्या वेळेसाठी राखून ठेव. टॉकनंतर प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतं, पोस्टरजवळ माणूस अर्धा अर्धा तास बोलतो.

इंग्लिशचं म्हणशील तर तिथे येणाऱ्या हजारो लोकांत जर्मन, इटालियन, फ्रेंच, चिनी असतात, बहुतेकांची ती शिकलेलीच भाषा, तेही अडखळतात, त्यामुळे सुरुवातीलाच सॉरी माय इंग्लिश वगैरे म्हणू नकोस प्लीज. आधी मराठीत दोन वाक्यं पक्की कर. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो तरी एप्रिलमध्ये झरा आटतो, पाणी खडकात कुठे मुरतं आणि कुठून निसटतं ते मी शोधते. एवढंच इंग्लिशमध्ये कर आणि मैत्रिणीसमोर वीस वेळा म्हण. झऱ्यांवर काम करणारे तिकडचे बरेच जण चुनखडीतले असतील, आपला बसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा खडक, त्यांच्या रोजच्या बघण्यातला नसतो. एकावर एक लाव्हाचे थर, मध्ये लाल मातीसारखा रेड बोल, कुठे भेगाळलेला तर कुठे सच्छिद्र खडक, हे सगळं तू पायाखाली घातलंयस, त्यामुळे त्या बोर्डसमोर या विषयातली जाणकार तूच! झऱ्याचा एक मोठा फोटो नक्की लाव, लोक आधी फोटोपाशी थांबतात.

पोस्टर छापण्याआधी साइझ बघ हं. तिथले बोर्ड आडवे असतात, साधारण दोन मीटर बाय एक मीटर, आपल्याकडे सवयीने उभं छापतात. कापडावर छापलंस तर घडी करून हँडबॅगेत मावतं.

ज्यांचे पेपर्स वाचलेस त्यातल्या चार-पाच जणांना दोन आठवडे आधी छोटा मेल टाक, माझं पोस्टर अमुक दिवशी अमुक बोर्डवर आहे, आलात तर आनंद होईल, बस. दोघं आले तरी खूप. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी शॉर्ट कोर्स असतो आणि मेंटरिंगमध्ये एक अनुभवी माणूस जोडून देतात, त्याचा फॉर्म आधीच भरायचा असतो, आजच बघ.

बाकी, एप्रिलमध्ये सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर ठेव. आई पेढे, तूप देईल पण युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, शेंगदाण्याची चटणी ने. हॉलपर्यंत मेट्रो जाते, यू-वन लाइन, स्टेशन काइझरम्यूलन. बाटली रिकामी ने आणि तिथे नळावर भर, कारण व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली पाइपलाइन १८७३ची, दुसरी १९१०ची, आणि शहरापर्यंत ते उतारानेच वाहत येतं, पंपाशिवाय. पोस्टरपाशी कुणी आलं आणि काही सुचलं नाही तर इथूनच सुरू कर, की तुमच्या शहराला झरे पाणी पाजतात, माझ्या गावालाही पाजायचे.