आधी बोटं बसू द्या, वेग मागून येतो

ताई, हाताचं अक्षर सुंदर आहे म्हणून संगणकावर मराठी टायपिंग जड जातंय असं तुम्ही म्हणालात, पण तसं वाटून घेऊ नका. मी नाशिकच्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) कोर्टाबाहेर अर्ज टाइप करत आलोय. माझंही लिखाण आधी शाईच्या पेनानंच व्हायचं.

शिकायचं तर इनस्क्रिप्टच शिका, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी. रोमनमधून मराठी उमटवायची सवय लागली की हात दोन भाषांत अडकतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. एफ आणि जे या बटणांवर छोटे उंचवटे असतात, तर्जनी तिथे ठेवा आणि खाली बघू नका.

हाताला सर्वांत जास्त चकवते ती पहिली वेलांटी. कागदावर आपण ती अक्षराच्या आधी काढतो, इथे अक्षरानंतर दाबायची. 'नाशिक' लिहिताना आधी श, मग वेलांटी. आठवडाभर चुकेल, चुकू द्या. जोडाक्षराला मध्ये हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, तो डी या बटणावर. 'त्र्यंबक' घ्या: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क. आठ ठोके. हा शब्द रोज वीस वेळा टाइप करा, बोटं मोकळी होतात.

शासनाच्या मराठी टायपिंग परीक्षेला मिनिटाला किमान 30 शब्द लागतात. पण आत्ता घड्याळ लावू नका. रोज अर्धा तास पुरे.

आणि वही सोडू नका. अवघड अर्जाचा पहिला खर्डा मी आजही हातानंच काढतो, कारण खोडलेली ओळ डोळ्यांसमोर राहते.