बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे फुप्फुसांना त्रास होतो हे समजते, पण हृदयावर परिणाम कसा होतो?

उत्तर: याचे कारण कणांच्या आकारात आहे. धुळीचे मोठे कण नाकात आणि घशातच अडकतात, परंतु २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक कण, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि तेथे दाह निर्माण करतात. हा दाह फुप्फुसांपुरता मर्यादित राहत नाही. दाहकारक द्रव्ये, तसेच काही अतिसूक्ष्म कणही, रक्तात उतरतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते आणि धमन्यांमधील चरबीचे थर अस्थिर होऊन हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यांपैकी सुमारे ६८ टक्के हृदयरोग व पक्षाघात यांमुळे होते. प्रदूषण म्हणजे केवळ खोकला आणि दमा, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. अर्थात फुप्फुसेही सुटत नाहीत: दीर्घकालीन श्वसनरोग, न्यूमोनिया आणि कर्करोग यांचा धोका वाढतोच. आधीच हृदयविकार असलेल्यांनी प्रदूषण जास्त असलेल्या दिवशी बाहेरचा जोरकस व्यायाम टाळावा. छातीत दुखल्यास मात्र हवेला दोष देत न बसता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.