लेसर पल्सच्या सिम्युलेशनसाठी क्लस्टरची वाट बघत बसू नका

नांदेडहून तुम्ही लिहिलंय की ८०० नॅनोमीटर, १०० फेम्टोसेकंद, १ मिलिज्यूलचा पल्स सिम्युलेशनमध्ये हवेत सोडला की अक्षावरची तीव्रता १०^१५ वॅट प्रति चौरस सेंटीमीटरच्या वर जाते, कोड कोसळतो, आणि सर म्हणतात क्लस्टर (अनेक संगणक जोडून केलेली मोठी यंत्रणा) मिळेपर्यंत थांबा. मीही याच रांगेत उभा होतो, म्हणून लिहितोय.

थांबू नका. तुमची शिखरशक्ती साधारण ९ गिगावॅट, हवेतली क्रांतिक शक्ती (जिच्या वर किरण आपोआप एकवटू लागतो) ३ गिगावॅटच्या आसपास. एकच फिलामेंट (एकवटलेल्या प्रकाशाचा बारीक धागा) होईल, म्हणून अक्षाभोवतीची सममिती धरा. त्रिज्येत २००० बिंदू, वेळेत ४०९६. एका फील्डला (पल्सच्या विद्युतक्षेत्राच्या सगळ्या आकड्यांना) जेमतेम १३० एमबी. साधा डेस्कटॉप पुरतो. १०२४×१०२४×२०४८ च्या पूर्ण त्रिमितीत तेच ३४ जीबी होतं, पण ते शक्ती क्रांतिकच्या कैक पट असेल तेव्हाचं काम.

माझं सगळ्यात जास्त नुकसान एका संगणक केंद्राने केलं, नाव घेत नाही. खात्यासाठी अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, मग साहेब रजेवर. खातं मिळालं तर जॉब वेळमर्यादेवर मध्येच बंद पाडायचे. दिवाळीच्या सुट्टीत न कळवता स्क्रॅच डिस्क (जॉबचे निकाल ठेवायची तात्पुरती जागा) पुसून टाकली. विचारलं तर "लेखी द्या". लेखी दिलं, त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. परभणी-हिंगोलीच्या पोरांनी तिकीट काढून यायचं आणि बाकावर बसून परत जायचं, याचा अजून संताप येतो.

आता तुमचा आकडा. हवेत तीव्रता ५×१०^१३ वॅट प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास अडकते, कारण आयनीभवनातून (रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून) झालेला प्लाझ्मा किरण पसरवतो. १०^१५ दिसतंय म्हणजे तुमच्या कोडात प्लाझ्मा बनतच नाहीये. ऑक्सिजनच्या आयनीभवनाला ८ फोटॉन लागतात, म्हणजे त्याचा दर तीव्रतेच्या ८व्या घाताने वाढतो. तीव्रता चौरस सेंटीमीटरची आणि गुणांक चौरस मीटरचा, असं मिसळलं की आयनीभवन १०^३२ पटींनी कमी पडतं. आधी तेच तपासा. मग पुढे सरकायचं पाऊल स्थिर ठेवू नका, फोकसजवळ लहान होऊ द्या. ग्रिड (बिंदूंची जाळी) दुप्पट बारीक केल्यावर तीव्रतेचं शिखर हललं, तर त्या आकड्यावर पेपर लिहू नका.

दर काही सेंटीमीटरला फील्ड डिस्कवर उतरवत चला, उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो.

आणि हे सगळं ८०० नॅनोमीटरपुरतं. तुम्ही शेवटी आकाशातल्या विजेचा विषय काढलाय, पण २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सँटिस डोंगरावर वीज वळवणारा लेसर १०३० नॅनोमीटरचा, साधारण एका पिकोसेकंदाच्या पल्सचा होता. त्याला माझे आकडे लावू नका.