मंडळीत माझ्याबद्दल खोटं उठवलंय, ख्रिस्ती म्हणून गप्पच बसायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सांगलीत तुमच्या चर्चमध्ये महिला मंडळाचा हिशेब तुमच्याकडं असतो आणि नाताळच्या वर्गणीतले पैसे तुम्ही खाल्ले असं कुणीतरी उठवलंय, आणि पाळक साहेब म्हणतायत शांत राहा, प्रभू बघून घेईल. मी मिरजेची, चर्चमध्येच लहानाची मोठी झाले, मला विचाराल तर एकदा बोलायचं, स्पष्ट बोलायचं आणि मग त्या विषयाचा नाद सोडून द्यायचा.

गप्प बसा म्हणणारे बायबलमधलं 1 पेत्र 2:23 दाखवतात, येशूची निंदा झाली तरी त्यानं उलट निंदा केली नाही. खरंय की, पण उलट निंदा न करणं वेगळं आणि तोंडच न उघडणं वेगळं. महायाजकापुढं शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा प्रभू काय म्हणाला ते योहान 18:23 मध्ये बघा, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, नाहीतर मारतोस का?

आणि जुन्या करारातला नहेम्याचा 6 वा अध्याय वाचाच. तो यरुशलेमचा कोट बांधत होता आणि त्याचा विरोधक सनबल्लटनं त्याला पत्र पाठवलं, तेपण उघडं, कुणीपण वाचावं असं, की हा राजा व्हायला बघतोय म्हणे. ग्रुपवर टाकून मग डिलीट करतात ना, तसलाच प्रकार. नहेम्यानं उत्तर दिलं, असलं काही नाही, हे तू मनानं रचतोयस. बास. मग देवाकडं हाताला बळ मागितलं आणि परत कामाला लागला, कोट 52 दिवसांत पुरा.

माझ्या नाइट ड्युटीवरनं पण लोक बोलले होते. आपल्यात चुगली उघड होत नाही ओ, प्रार्थनेचा विषय म्हणून फिरते. कॉटेज मीटिंगला, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनेला, चहा यायच्या आधी एक मावशी आवाज बारीक करून म्हणाल्या, एका मुलीसाठी प्रार्थना करूया, पाऊल घसरतंय तिचं, नाव नाही घेतलं पण बघत होत्या माझ्या आईकडं. मी एकटीच त्यांच्या घरी गेले, मत्तय 18:15 मध्ये तसंच सांगितलंय, आधी एकांतात. त्यांनी पोहे पुढं केले, आईची शुगर विचारली, शेवटी म्हणाल्या अगं मी चांगल्यासाठीच बोलले. माफीबिफी काही नाही, पण त्यानंतर निदान माझ्या कानावर तरी काही आलं नाही.

तुमचं तर माझ्यापेक्षा सोपं आहे, चारित्र्याचा हिशेब दाखवता येत नाही, पैशाचा येतो. बोलणाऱ्या बाईंना आधी एकट्यात भेटा, नाही ऐकलं तर दोघींना घेऊन जा, तरी नाही तर कमिटीपुढं ठेवा. ग्रुपवर एक अक्षर टाकू नका, स्क्रीनशॉट तर नकोच. क्षमा करा, पण क्षमा केली म्हणून हिशेब दाखवायचा नाही असं कुठं लिहिलेलं नाही. रात्री झोप येत नसेल तर स्तोत्र 55 वाचा, दाविदालापण शत्रूचं नाही, देवाच्या घरी बरोबर जाणाऱ्या मित्राचंच लागलं होतं.

आणि कमिटीपुढं जायच्या आधी वही आणि पावती पुस्तक जुळतंय का ते बघा, मंडपवाल्याची, केकवाल्याची बिलं सुटी पडली असतील तर चिकटवून घ्या.