सर्व्हरवर ईएसएक्सआय टाकताना कंपनीची इमेज घ्यायची की स्टँडर्ड?

प्रश्न : आमच्याकडे तीन नवीन सर्व्हर आलेत, तिन्ही एकाच मोठ्या ब्रँडचे. त्यावर ईएसएक्सआय ८ (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) टाकायचंय. सिनियर म्हणतात व्हीएमवेअरची स्टँडर्ड आयएसओच (इन्स्टॉलची इमेज फाइल) टाक, कंपनीवाले त्यांच्या कस्टम इमेजमध्ये नको ते भरून देतात. सर्व्हर कंपनीचा इंजिनिअर म्हणतो कस्टमच टाका. कुणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या केसमध्ये कस्टमच टाका. सिनियर म्हणतात त्यातही तथ्य आहे, त्यावर येतोच. पण आधी एक गैरसमज काढून टाकू, बऱ्याच जणांना वाटतं कस्टम म्हणजे काहीतरी वेगळंच ईएसएक्सआय, तसं नाहीये. आतला हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा मूळ भाग) व्हीएमवेअरचाच, त्यावर सर्व्हर कंपनी आपली व्हिब पॅकेजेस (ईएसएक्सआयमध्ये सॉफ्टवेअर टाकायचे गठ्ठे) चढवते, म्हणजे नेटवर्क कार्ड आणि रेड कंट्रोलरचे (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचे) ड्रायव्हर, हार्डवेअरची तब्येत मॅनेजमेंट कंट्रोलरला (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या चिपला) कळवत राहणारा एजंट, आणि काही टूल्स ज्यांनी सर्व्हर बंद न करता रेडच्या डिस्क बघता येतात.

यात सगळ्यात महत्त्वाचे ड्रायव्हर. स्टँडर्डमध्येही ते असतात, इनबॉक्स म्हणतात त्यांना, पण कार्ड फारच नवीन असेल तर इन्स्टॉलर नेटवर्क अडॅप्टर सापडलं नाही म्हणून तिथेच थांबतो. हे परवडलं, निदान लगेच कळतं. खरा त्रास कधी, तर इनबॉक्स ड्रायव्हर कार्ड ओळखतो, इन्स्टॉल सुरळीत होतं, सगळे खूश, आणि कार्डातलं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) मात्र दुसऱ्याच ड्रायव्हर व्हर्जनसोबत तपासलेलं असतं. मग लोड आला की लिंक पडते, स्टोरेजचे पाथ (डिस्कपर्यंतच्या वाटा) जातात, कधी थेट जांभळी स्क्रीन, म्हणजे ईएसएक्सआय कोलमडलं. व्हीएमवेअरचं कम्पॅटिबिलिटी गाइड (कुठलं हार्डवेअर चालतं त्याची यादी) उघडून बघा, तिथे ड्रायव्हर आणि फर्मवेअर जोडीनेच दिलेले असतात.

म्हणून इमेज कुठलीही टाका, टाकल्यावर प्रत्येक होस्टवर (ईएसएक्सआय चालणाऱ्या सर्व्हरवर) 'ईएसएक्ससीएलआय नेटवर्क निक गेट' ही कमांड व्हीएमनिक० (पहिलं नेटवर्क कार्ड) साठी चालवा. खाली 'ड्रायव्हर इन्फो' मध्ये ड्रायव्हरचं नाव, त्याचं व्हर्जन आणि फर्मवेअर व्हर्जन एकाखाली एक येतात, ते गाइडशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही, आणि मग महिनाभर लॉग चाळत बसतात.

आता सिनियरांचा मुद्दा. एजंटचा त्रास मी स्वतः भोगलाय. एका कंपनीच्या कस्टम इमेजमधला एजंट टीएमपी फोल्डरमध्ये लॉग लिहीतच सुटला होता, आणि ईएसएक्सआयमध्ये टीएमपी ही डिस्कवर नसते, मेमरीतली २५६ एमबीची रॅमडिस्क असते. ती भरली आणि व्हीएमोशन (चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं) फेल व्हायला लागलं. मी आधी नेटवर्क शोधत बसलो, स्विचपर्यंत जाऊन आलो, शेवटी 'व्हीडीएफ -एच' (रॅमडिस्क किती भरल्या ते दाखवणारी कमांड) मारल्यावर टीएमपीसमोर १०० टक्के दिसलं तेव्हा उलगडा झाला. होस्ट मेंटेनन्स मोडला (दुरुस्तीसाठी बाजूला) टाकून एजंट अपडेट केला, तेव्हापासून शांत आहे. तर एजंट नको असेल तर 'सॉफ्टवेअर व्हिब रिमूव्ह' ने तेवढा काढता येतो, त्यापायी चांगले ड्रायव्हर कशाला सोडायचे!

पॅचच्या वेळी मात्र सांभाळा. कंपनीची कस्टम इमेज व्हीएमवेअरच्या पॅचनंतर काही दिवसांनी येते, आणि सिक्युरिटी पॅच असेल तर तिची वाट बघत बसू नका. व्हीएमवेअरचा ऑफलाइन बंडल (पॅचची डाउनलोड केलेली झिप) घेऊन 'प्रोफाइल अपडेट' करा (प्रोफाइल म्हणजे इमेजमधल्या व्हिबची यादी), म्हणजे कंपनीचे नवे ड्रायव्हर जागेवर राहतात. 'प्रोफाइल इन्स्टॉल' करू नका. ती कमांड प्रोफाइलमध्ये नसलेली व्हिब काढायला बघते, म्हणून 'ओके टू रिमूव्ह' मागते, आणि रात्रीच्या घाईत लोक तो ऑप्शन लावून मोकळे होतात, मग रीबूटनंतर कार्ड गायब. तुमच्याकडे व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) असेल तर अजून सोपं, व्हीस्फिअर ७ पासून (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटरचा संच, २०२०) त्यातल्या लाइफसायकल मॅनेजरमध्ये मूळ इमेज आणि व्हेंडर अॅड-ऑन वेगवेगळे निवडता येतात, तीन होस्टच्या क्लस्टरला एकदाच ठरवून द्या.

प्रश्न : शिकण्यासाठी असेंबल केलेल्या पीसीवर ईएसएक्सआय टाकायचंय. ओळखीच्याने एका सर्व्हर कंपनीची कस्टम आयएसओ दिली आहे, चालेल का?

उत्तर : बूट होईलही कदाचित, पण त्यातला एजंट ज्या मॅनेजमेंट चिपशी बोलायला बघतो ती तुमच्या पीसीत नाहीच. स्टँडर्ड घ्या. आणि पीसीच्या बोर्डवर रियलटेकचं नेटवर्क असेल तर त्याचा ड्रायव्हर ७ आणि ८ च्या स्टँडर्डमध्ये नाही, इन्स्टॉलर पुढे सरकणार नाही, तेव्हा गाइडमध्ये नाव असलेलं इंटेलचं कार्ड स्लॉटला लावूनच सुरुवात करा.